मातीच्या ढेकळाचा सीटी स्कॅन

आजच्या भागात इतिहास आहे, पण लढाया नाहीत. एक ढेकूळ आहे, शेतातून उचललेलं, मुठीएवढं. आणि ते न फोडता त्याच्या आत कसं बघायचं हा प्रश्न आहे. भाग ऐकताना आकडे निसटतात, म्हणून नेहमीप्रमाणे इथे लिहून टाकतोय.

न फोडता कशाला? कारण मातीतली महत्त्वाची गोष्ट बऱ्याचदा माती नसतेच, मधली पोकळी असते. चांगल्या शेतजमिनीत साधारण निम्मी जागा हवेने नाहीतर पाण्याने भरलेली असते. पाऊस मुरतो तो त्या पोकळ्यांतून. मुळांना हवा मिळते ती तिथूनच. ढेकूळ फोडलं की वाळू किती, चिकणमाती किती हे वजन करून सांगता येतं, पण पोकळ्या गेलेल्या असतात. घर पाडून विटा मोजल्यावर खोल्यांचा नकाशा मिळत नाही, तसंच हे.

जुन्या लोकांनी यावर एक उपाय काढला होता. वॉल्टर कुबिएना नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाचं ‘मायक्रोपेडॉलॉजी’ हे पुस्तक १९३८ सालचं. मातीचा तुकडा राळेसारख्या द्रवात भिजवायचा, कडक झाला की त्याचा काप काढायचा, आणि तो काप उजेड आरपार जाईल इतका पातळ घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. पद्धत सुंदर आहे, आजही वापरतात. पण काप काढला की तो नमुना संपला. उद्या त्याच मातीत पाणी ओतून काय होतं ते बघता येत नाही, आणि एका कापावरून पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत की नाहीत हेही कळत नाही. पाणी वाहणार की तुंबणार हे तर त्या जोडणीवरच ठरतं.

मग एक्स-रे का नाही? राँटजेनने ते १८९५ सालीच शोधले होते. अडचण अशी की एक्स-रे फोटो म्हणजे सावली. ढेकळाच्या पुढचा खडा, मधलं मूळ, मागची भेग, सगळं एकावर एक चेपून एकाच कागदावर येतं. एका बिंदूवर किती किरण पोचले यावरून त्या रेषेत एकूण किती अडथळा होता तेवढंच कळतं. अडथळा कुठे होता ते नाही.

इथे एक छोटं कोडं घेऊ. कागद असेल तर घ्याच. दोन मजल्यांची चाळ आहे, प्रत्येक मजल्यावर दोन खोल्या. आत कोण किती राहतात ते आपल्याला दिसत नाही. वरच्या मजल्यावर मिळून ५ माणसं, खालच्या मजल्यावर ९. डावीकडच्या दोन खोल्यांत ६, उजवीकडच्या दोन खोल्यांत ८. कुठल्या खोलीत किती?

वर २ आणि ३, खाली ४ आणि ५, हे उत्तर बसतं. पण वर १ आणि ४, खाली ५ आणि ४, हेही बसतं! म्हणजे दोन दिशांच्या बेरजा पुरत नाहीत. आता मी तिसरी बातमी देतो: वरची डावी आणि खालची उजवी मिळून ७ माणसं. लगेच पहिलंच उत्तर उरतं. झालं, सीटी स्कॅनचं मूळ एवढंच आहे. वेगवेगळ्या कोनांतून बेरजा घ्यायच्या आणि त्यावरून आतले आकडे परत मिळवायचे. फक्त खऱ्या स्कॅनमध्ये खोल्या चार नसून कोट्यवधी असतात.

हे गणित मुळात शक्य आहे का, याचं उत्तर योहान राडोन या गणितज्ञाने १९१७ सालीच देऊन ठेवलं होतं (रेडॉन वायूशी याचा काही संबंध नाही). सगळ्या रेषांवरच्या बेरजा माहीत असतील तर आतलं चित्र नेमकं परत मिळतं, हे त्याने सिद्ध केलं. जर्मन भाषेत, लाइपझिगच्या एका अकादमीच्या अंकात. डॉक्टरांनी तो वाचण्याचं काही कारण नव्हतं आणि इंजिनिअरांनीही वाचला नाही. वीस वर्षांनी, १९३७ मध्ये, स्टेफान काचमाझ या पोलिश गणितज्ञाने खूप समीकरणं एकदम सोडवण्याची एक सोपी रीत छापली. अंदाज धरा, बेरीज चुकते का बघा, जी चूक निघेल ती सगळ्यांत वाटून टाका, मग पुढची बेरीज तपासा. आपल्या चाळीवर करून बघा. वरच्या ५ चे अडीच-अडीच, खालच्या ९ चे साडेचार-साडेचार. आता डावी बाजू ७ येते, हवी ६, म्हणून दोन्हीकडून अर्धा अर्धा काढा. उजवी ७ येते, हवी ८, तिथे अर्धा अर्धा घाला. २, ३, ४, ५. दुसऱ्याच फेरीत उत्तर हजर. खरं सांगायचं तर आकडे मी सोयीचे निवडलेत. एरवी फेऱ्या बऱ्याच लागतात आणि हातात कॉम्प्युटर लागतो, जो १९३७ मध्ये नव्हता. काचमाझ दुसऱ्या महायुद्धात गेला. त्याची रीत पुढे दवाखान्यातल्या यंत्रात बसणार आहे हे त्याला कधीच कळलं नाही.

पुढचा माणूस अ‍ॅलन कॉर्मॅक, दक्षिण आफ्रिकेतला भौतिकशास्त्रज्ञ. १९५६ मध्ये केपटाऊनच्या ग्रूट स्कूर हॉस्पिटलमध्ये त्याला अर्धवेळ काम मिळालं, किरणोत्सारी पदार्थांवर देखरेख करायचं. तिथे त्याला हाच प्रश्न पडला, आणि राडोनचा लेख माहीत नसल्यामुळे त्याने सगळं गणित नव्याने मांडलं. प्रयोगासाठी अ‍ॅल्युमिनियमची चकती घेतली, भोवती लाकडाचं कडं. गणिताने सांगितलं की चकतीच्या मध्यभागी काहीतरी वेगळं आहे. चौकशी केल्यावर कळलं की चकती बनवताना मध्ये थोड्या वेगळ्या अ‍ॅल्युमिनियमची खुंटी बसवली होती. न फोडता आत बघणं जमलं होतं! १९६३ आणि १९६४ मध्ये त्याने दोन लेख छापले. प्रतिसाद जवळपास शून्य. लेखाची प्रत मागणारं जे सर्वांत मजेशीर पत्र आलं ते, कॉर्मॅकने नंतर नोबेल व्याख्यानात सांगितल्याप्रमाणे, स्वित्झर्लंडमधल्या हिमकड्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचं होतं. त्यांना डोंगरावर साठलेल्या बर्फाच्या आत बघायचं होतं. मला हा प्रसंग फार आवडतो. ज्या तंत्राला आज आपण दवाखान्याचं समजतो त्याची चौकशी आधी डोंगरावरून आली होती.

गॉडफ्रे हाउन्सफील्डचं नाव तुम्ही ऐकलं असेल. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायरमध्ये न्यूअर्क इथे १९१९ चा जन्म, बालपण शेतावर, विद्यापीठाची पदवी नाही. ईएमआय कंपनीत कॉम्प्युटर बनवणारा इंजिनिअर. ईएमआय म्हणजे बीटल्सच्या रेकॉर्ड्सवाली कंपनी, त्यामुळे ‘बीटल्सच्या पैशातून सीटी स्कॅनर झाला’ ही गोष्ट नेटवर जोरात फिरते. प्रत्यक्षात ब्रिटनच्या आरोग्य खात्याने त्यात बराच पैसा घातला होता. असो. हाउन्सफील्डचं पहिलं यंत्र एका जुन्या लेथवर उभं होतं, किरणांसाठी अमेरिसियम हा किरणोत्सारी पदार्थ. एक चित्र काढायला ९ दिवस लागायचे, २८,००० मोजमापं व्हायची आणि नंतर मोठ्या कॉम्प्युटरला ती सोडवायला अडीच तास. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला. चित्र होतं ८० बाय ८०, म्हणजे एकूण ६,४०० चौकोन. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप डीपीतही याहून जास्त असतात. आत गणित होतं ते काचमाझच्या वळणाचं, चूक वाटत वाटत जाणारं. १९७९ चं नोबेल कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड यांना मिळून मिळालं.

त्याच १९७१ सालात आणखी एक गोष्ट घडली आणि ती आपल्याकडच्या माणसांनी केली. चूक वाटत जाण्याला एक पर्याय होता. प्रत्येक कोनातली सावली घ्यायची आणि ती ज्या दिशेने आली त्या दिशेने परत चित्रावर पसरवायची. सगळ्या कोनांतून असं पसरवलं की जिथे खरंच खडा आहे तिथे सावल्या एकमेकींवर साचतात आणि खडा उमटतो. पण त्याच्याभोवती धुकंही साचतं, कारण प्रत्येक सावली जिथे काही नाही तिथेही सांडलेली असते. ते धुकं काढायला सावली पसरवण्याआधी तिच्या कडा विशिष्ट प्रमाणात तीक्ष्ण कराव्या लागतात. तोवर हे काम लांबलचक फूरिए गणितातून जायचं. जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी ते सरळ बेरीज-गुणाकारांत आणलं. कॉम्प्युटरचा वेळ प्रचंड वाचला. रेडिओ दुर्बिणीवाल्या ब्रेसवेल आणि रिडल यांनी १९६७ मध्ये जवळपास हीच कल्पना मांडली होती, हेही सांगायला हवं. रामचंद्रन म्हणजे कोलॅजेनची तिपेडी रचना मांडणारे, मद्रासचे आणि नंतर बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले. मॅटलॅबमध्ये चित्र परत जोडायचं फंक्शन काहीही न सांगता चालवलं तर ते जो फिल्टर वापरतं त्याचं नाव ‘राम-लॅक’. यातला राम म्हणजे मेमरी नव्हे. रामचंद्रन-लक्ष्मीनारायणन.

आता मातीकडे येऊ.

दवाखान्यांत स्कॅनर पोचल्यावर दहा-एक वर्षांत कुणीतरी त्यात मातीचं भांडं सरकवणार हे उघडच होतं. १९८२ मध्ये पेट्रोविक, सीबर्ट आणि रिके या तिघांचा अमेरिकेत लेख आला. मातीची घनता तीन मितींत, न फोडता मोजता येते हे त्यांनी दाखवलं. पेट्रोविक हा हिरवळीचा अभ्यासक, म्हणजे लॉन आणि खेळाची मैदानं. पायाखाली तुडवून माती कुठे आणि किती दाबली जाते हा त्या क्षेत्रातला रोजचा प्रश्न. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियात हेन्सवर्थ आणि एलमोर यांनी मातीतल्या पाण्याचा नकाशा काढला आणि पुढे एकेकट्या मुळाभोवती माती कशी कोरडी होत जाते तेही मोजलं. तोपर्यंत ‘या कुंडीत सरासरी इतकं पाणी’ एवढंच सांगता यायचं. मुळाला सरासरीशी काय देणंघेणं? त्याला आपल्या कातडीला लागून काय आहे तेवढंच कळतं.

पण माझ्या मते या इतिहासातला सर्वांत भारी तुकडा ब्राझीलचा आहे. साओ कार्लोस नावाच्या गावात सिल्व्हियो क्रेस्ताना हा भौतिकशास्त्रज्ञ सर्जिओ मास्करेन्यास यांच्याबरोबर मातीतल्या पाण्याच्या हालचालीवर काम करत होता. १९८५ मध्ये त्यांनी इटलीतल्या पोझी-मुचेल्ली या रेडिओलॉजिस्टबरोबर दवाखान्याच्या स्कॅनरवर वाहत्या पाण्याचा अभ्यास छापला. छान झालं, पण पुढे काय? दवाखान्याचा स्कॅनर महाग, तो पेशंटसाठी असतो, आणि तो ट्यून केलेला असतो मऊ मांसासाठी. माती त्याहून कितीतरी जास्त किरण अडवते. मोठं यंत्र विकत घ्यायची वाट बघायच्या ऐवजी त्यांनी उलट्या दिशेने विचार केला. दवाखान्याचं यंत्र महाग का? कारण पेशंट जिवंत आहे. त्याला गरागरा फिरवता येत नाही म्हणून यंत्र त्याच्याभोवती फिरतं. तो हलतो म्हणून घाई. त्याला किरणांचा डोस कमी द्यायचा. ढेकळाला यातलं काहीच लागू नाही. किरणांचा उगम एका जागी ठेवा, समोर मोजणारा डिटेक्टर ठेवा आणि मधलं ढेकूळ हळूहळू सरकवा आणि फिरवा. वेळ लागला तर लागू दे. म्हणजे हाउन्सफील्डच्या लेथवरचीच कल्पना! १९८६ मध्ये क्रेस्ताना, चेझारेओ आणि मास्करेन्यास यांनी मातीसाठीच्या या छोट्या स्कॅनरवर लेख लिहिला. ब्राझीलच्या शेती संशोधन संस्थेचं, म्हणजे एम्ब्रापाचं, उपकरणं बनवणारं केंद्र १९८४ पासून त्याच गावात होतं. तिथल्या पाउलो क्रुव्हिनेल आणि सहकाऱ्यांनी एक्स-रे आणि गॅमा दोन्हीवर चालणारं यंत्र १९९० मध्ये मांडलं. क्रेस्ताना पुढे एम्ब्रापाचा अध्यक्ष झाला. उधारीच्या मशीनवर काम भागवायचं की गरज पुन्हा पहिल्यापासून तपासायची, हा प्रश्न आपल्याकडच्या प्रत्येक लॅबमध्ये पडतो. यांनी तो कागदावर न ठेवता स्क्रू-ड्रायव्हरने सोडवला.

पुढची झेप बारकाईची. १९८२ मध्ये लंडनच्या एलियट आणि डोव्हर यांनी एका गोगलगायीच्या शंखाचा सूक्ष्म स्कॅन केला होता. १९८४ मध्ये फेल्डकँप, डेव्हिस आणि क्रेस यांनी शंकूसारख्या पसरणाऱ्या किरणांसाठी गणित दिलं, म्हणजे एकेक काप न घेता सगळं ढेकूळ एकदम. हे तिघं काम करत होते फोर्ड मोटर कंपनीत. आज लॅबमधले बहुतेक सूक्ष्म स्कॅनर याच गणितावर चालतात. चित्र २००० बाय २००० बाय २००० धरलं तर ८०० कोटी ठोकळे. एका ठोकळ्याला दोन बाइट दिले तरी एका ढेकळाची फाइल १६ जीबी. कुठे ते ६,४०० चौकोन!

इथे ‘बारीक म्हणजे सगळं दिसतं’ असं वाटू शकतं, म्हणून थोडं थांबू. डिटेक्टरवर २००० ठिपके असतील आणि ढेकूळ १० सेंटिमीटरचं असेल तर एका ठिपक्याच्या वाट्याला ५० मायक्रॉन येतात. ५ मायक्रॉन हवेत? मग ढेकूळ १ सेंटिमीटरचं घ्या. आणि चिकणमातीचे कण तर २ मायक्रॉनपेक्षाही लहान. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीत चिकणमाती भरपूर, त्यामुळे उन्हाळ्यात पडलेल्या भेगा अशा स्कॅनमध्ये झकास दिसतील, पण कणांमधल्या असंख्य बारीक फटी ठोकळ्याच्या राखाडी रंगात विरघळून जातील. त्या नाहीत असं नव्हे. त्या त्या चित्रात नाहीत.

खोटं दिसण्याचेही प्रकार आहेत. एक्स-रेच्या झोतात कमकुवत आणि ताकदवान दोन्ही किरण असतात. कमकुवत किरण ढेकळाच्या कडेलाच गळतात, आत ताकदवानच पोचतात आणि ते सहज पार होतात. गणिताला वाटतं, मधली माती विरळ आहे. म्हणजे सारखी दाबलेली मातीसुद्धा कडेला घट्ट आणि मध्ये भुसभुशीत दिसते. उपाय म्हणून ढेकळाआधी तांब्याचा नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा लावतात, की कमकुवत किरण तिथेच गाळले जावेत. डिटेक्टरचा एखादा ठिपका बिघडला तर चित्रात सुबक वर्तुळं उमटतात. मातीत असं गोल काही नसतं, म्हणून ती निदान ओळखू तरी येतात.

सर्वांत अवघड निर्णय मात्र चित्र जोडून झाल्यावर येतो. ठोकळे राखाडी असतात. कुठल्या राखाडीपर्यंत पोकळी म्हणायचं आणि कुठून माती? फिलिप बाव्हे आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मातीची तीच चित्रं डझनभर तज्ज्ञांना दिली आणि पोकळ्या वेगळ्या करायला सांगितल्या. उत्तरांत प्रचंड फरक पडला. ढेकूळ तेच, चित्र तेच, आणि ‘ही जमीन किती पाणी धरेल’ याचे अंदाज माणसागणिक वेगळे. सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस म्हणून मला हे हॉरर सिनेमापेक्षा भीतीदायक वाटतं. सुंदर रंगीत थ्रीडी चित्र बघितलं की माझा पहिला प्रश्न आता हाच असतो: सीमा कोणी आखली आणि कशी?

मुळं शोधताना तर आणखी पंचाईत. मूळ म्हणजे बरंचसं पाणीच. ओल्या मातीत ते आणि शेजारचं पाणी जवळपास सारखेच दिसतात. फार कोरडी माती ठेवली तर मूळ आक्रसतं. म्हणून स्कॅनच्या आधी कुंडीला पाणी देऊन जादा पाणी निथळू देतात, आणि ओल टिकलेली पण चिखल नसलेली अशी वेळ पकडतात. शेतकरी घरातले श्रोते एव्हाना हसले असतील. याच्या अगदी जवळच्या अवस्थेला आपल्याकडे वाफसा म्हणतात! २०१२ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातून ‘रूट्रॅक’ नावाचं सॉफ्टवेअर आलं. ते एका कापातलं मूळ धरून पुढच्या कापात तेच कुठे सरकलं हे शोधत जातं, व्हिडिओत एखाद्या माणसाचा माग काढावा तसं. त्याच विद्यापीठात मातीतल्या मुळांच्या स्कॅनसाठी जे केंद्र आहे त्याला हाउन्सफील्डचं नाव दिलंय.

आणि या सगळ्या खटाटोपातून काय हाती लागतं? जानेवारी २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात बिपिन पांडे आणि नॉटिंगहॅम, शांघायसह अनेक ठिकाणच्या सहकाऱ्यांचा शोध आला. जड ट्रॅक्टर आणि यंत्रांखाली माती दाबली जाते, मुळं खाली जात नाहीत, पीक मार खातं. सगळे धरून चालले होते की मुळाला घट्ट माती भेदता येत नाही, ताकद कमी पडते. या गटाने भाताची अशी रोपं घेतली ज्यांना इथिलीन वायूचा संदेश कळतच नाही. इथिलीन मुळातूनच बाहेर पडतो. भुसभुशीत मातीत तो पोकळ्यांतून निघून जातो, दाबलेल्या मातीत पोकळ्या बंद असल्याने मुळापाशीच साचतो आणि साध्या रोपाचं मूळ वाढ आवरतं. घनसेंटिमीटरला १.६ ग्रॅम इतक्या घट्ट मातीत साध्या रोपांची मुळं थबकली, आणि ज्यांना इथिलीन कळत नव्हता त्यांची मुळं सरळ आत घुसत गेली. स्कॅनमध्ये दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. म्हणजे ताकद होती. मूळ स्वतःच थांबत होतं, कारण आजूबाजूला पोकळी उरली नाही ही बातमी त्याला वायूने पोचवली होती. कुंडी फोडून, मुळं धुऊन हे बघायला गेलं असतं तर मूळ हाताला लागलं असतं, पण ते कुठल्या मातीत कसं थांबलं होतं ते धुऊन गेलं असतं.

ज्यांच्या लॅपटॉपवर पायथॉन आहे त्यांच्यासाठी एक गृहपाठ. ‘सायकिट-इमेज’ या मोफत लायब्ररीत ‘रेडॉन’ नावाचं फंक्शन आहे, म्हणजे आपला राडोनच, आणि उलटं जाणारं ‘आयरेडॉन’ आहे. मोबाइलवर एखाद्या ढेकळाचा फोटो काढा, काळा-पांढरा करा, कोपरे काळे ठेवा, त्याच्या सावल्या बनवा आणि परत जोडा. आधी फक्त १० कोन देऊन, मग १८०. त्यानंतर फिल्टर बंद करून एकदा चालवा. जे धुकं येईल ते कसं काढायचं याचं सोपं गणित १९७१ मध्ये रामचंद्रन आणि लक्ष्मीनारायणन यांनी लिहिलं. स्क्रीनशॉट पाठवा, पुढच्या भागात त्यातले काही दाखवू.